‘आप जैसा कोई’ गॅदरिंगला म्हणायचंय, पण सपाट वाटतंय

जाईजुई:
माझी लेक नववीत आहे. गॅदरिंगसाठी तिने ‘आप जैसा कोई’ निवडलंय. तिला ते २०२२ च्या रिमिक्समधून सापडलं, मग शोधत शोधत मूळ गाण्यापर्यंत पोचली. मला ते आईच्या ‘कुर्बानी’च्या कॅसेटमुळे पाठ. ती कॅसेट एवढी वाजली होती की या गाण्यात एका जागी फीत चुरगळून आवाज क्षणभर बुडायचा. अजून कुठे हे गाणं लागलं की त्या जागी माझा श्वास अडकतो.

अडचण अशी की लेक चार वर्षं शास्त्रीय शिकतेय. क्लासमध्ये तिला सांगितलं, यात गाण्यासारखं काही नाही, दुसरं घे. पोर हिरमुसली. घरी म्हणते तेव्हा मलाही सपाट वाटतं. मग ती मुरक्या घालते आणि गाणं पार बिघडतं. ज्यात ‘काही नाही’ ते लोक १९८० पासून का ऐकतायत? आणि तिने म्हणावं कसं?

ऑक्टोपॅडवाला:
ताई, दुसरं घेऊ देऊ नका. मी २६ वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवतोय. हळदीपासून गणपतीच्या कार्यक्रमांपर्यंत हे गाणं घेतलं नाही असा सीझन गेला नाही. आणि ते पडलं ते प्रत्येक वेळी गायिकेने ‘सजवलं’ म्हणून.

‘कुर्बानी’ची बाकीची गाणी कल्याणजी-आनंदजींची. हे एकच बिद्दूंचं, शब्द इंदीवर यांचे. बिद्दू मूळचे बंगलोरचे, पण इंग्लंडमध्ये स्थायिक झाले आणि १९७४ मध्ये ‘कुंग फू फायटिंग’ हे इंग्रजी गाणं जगभर गाजवलं. त्यांची विचार करायची पद्धतच वेगळी. आपल्याकडे चाल आधी, ठेका तिच्या सोबतीला. डिस्कोत ठेका हीच जमीन: चारही मात्रांवर किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), मधल्या जागी हाय-हॅट (झांजांची जोडी), खाली बेस गिटार फिरत असते. गाणाऱ्याने त्यावर नुसतं उभं राहायचं. मुरकी घेतली की आवाज मात्रेवरून घसरतो आणि नाचणाऱ्याचा पाय अडखळतो. मी स्टेजवरून हे डोळ्यांनी पाहिलंय: गायिकेने मुरकी घेतली की पुढची रांग नाचायची थांबून ऐकायला लागते.

दुसरं, मूळ गायिका नाझिया हसनचा आवाज दुहेरी ऐकू येतो. तीच ओळ दोनदा गाऊन एकावर एक ठेवली आहे. हेडफोन लावा, दोन आवाजांतली बारीकशी फट कळेल. त्या फटीतच सगळी चमक आहे. एकट्या आवाजात म्हटलं की सपाट वाटणारच, त्यात मुलीचा दोष नाही.

म्हणून तिच्या मैत्रिणीला दुसऱ्या माइकवर बसवा. तीच ओळ, तीच पट्टी, आवाज निम्मा. साउंडवाल्याला इको कमी ठेवायला सांगा, नाहीतर शब्दांचा लगदा होतो. लय अजिबात वाढवू नका. स्टेजवर गेलं की सगळे पळतात, मीही सुरुवातीला पळायचो. हे गाणं रमतगमत चालतं, म्हणून तर आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना त्यावर पाय टाकता येतो.

रेडिओ_सिलोन:
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. त्याच चित्रपटातलं ‘लैला ओ लैला’ही झीनत अमानवरच आहे, तेही मला आवडतं, पण ते मैफल गाजवणारं गाणं. ‘आप जैसा कोई’ कानाशी बोलतं. आणि मुलीला एक जरूर सांगा: हे गाणं गाजलं तेव्हा नाझिया अवघी १५ वर्षांची होती, म्हणजे जवळपास तुमच्या लेकीच्याच वयाची. कराचीत जन्मलेल्या, लंडनमध्ये राहणाऱ्या या मुलीला १९८१ मध्ये फिल्मफेअर मिळालं. पुढच्याच टप्प्यावर भाऊ झोहेबबरोबर ‘डिस्को दीवाने’ हा अल्बम आला. २००० साली ती कर्करोगाने गेली, ३५ व्या वर्षी. त्या आवाजातलं कोवळेपण मुद्दाम आणलेलं नव्हतं, ते तिचं वयच होतं. तुमच्या मुलीकडे ते आत्ता आहे. दहा वर्षांनी कितीही तयारी केली तरी नसेल.

जाईजुई:
दोघांचेही मनापासून आभार. रात्री लेकीला हेडफोन दिले. पहिल्याच ओळीला ती उठून बसली, “आई, ती दोन आहेत!” मैत्रीण गात नाही म्हणाली, म्हणून सध्या दुसरा आवाज मी देतेय, ओट्यापाशी उभी राहून. मुरक्या गेल्या. फोनवर रेकॉर्ड केलं तर आमची लय शेवटी थोडी पळतेच आहे, मोबाइलवर मेट्रोनोम लावून उद्या परत बसतोय. ऑक्टोपॅडवाले दादा, करोकेचा ट्रॅक मिळालाय तो मूळ पट्टीपेक्षा एक सूर वर आहे. तिला पेलतो, पण आवाज ताणला जातो. खाली उतरवून घेऊ ना?

ऑक्टोपॅडवाला:
आजच उतरवा. ताणलेल्या आवाजात हे गाणं होत नाही. आणि मैत्रीण नसेल तर स्टेजवरही दुसऱ्या माइकवर तुम्हीच बसा.