मदत हवी आहे: गोल्फ आणि बॉडीबिल्डिंग हे खेळ धरायचे की नाही? (अर्जंट)

खंडेराव_मार्केट
नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येतो कारण वेळ नाहीये. इथे बडोद्यात आमच्या कमिटीत दोन नावांवरून अडलंय, एक बॉडीबिल्डिंगवाला मुलगा आणि एक गोल्फवाली मुलगी. चेअरमन म्हणतात बॉडीबिल्डिंग हा खेळच नव्हे, आरशासमोर उभं राहायला कसला खेळ म्हणायचं, आणि गोल्फ मात्र त्यांना एकदम ऑलिंपिकचा वाटतो. माझं म्हणणं, एक फटका मारायचा मग बॅटरीच्या गाडीत बसून बॉलपर्यंत जायचं आणि परत एक मारायचा, याला खेळ म्हणत असाल तर जो पोरगा पहाटे उठून घाम गाळतो त्याला का नाही? तर खरा खेळ कुठला, दोन्ही की एकही नाही, ते पटापट सांगा. उद्या रात्री मीटिंग आहे. कृपया फाटे फोडू नका.

स्टॅम्पपेपर
कसली कमिटी? नावं कशासाठी हवीत, बक्षीस, स्कॉलरशिप की नुसती शाल-श्रीफळ? नियम लेखी आहेत का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

जोर_बैठका
बडोद्यात बसून हा प्रश्न विचारताय म्हणजे कमाल आहे!! दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, प्रो. माणिकरावांनी ते नावारूपाला आणलं, सयाजीरावांनी त्यांना राजरत्न केलं. शरीर कमावणं ही या गावाची ओळख आहे साहेब. तुमच्या चेअरमनना म्हणावं एकदा स्पर्धेच्या दिवशी स्टेजच्या मागे येऊन बघा. दीड-दोन दिवस पाणी घोट-घोट घेतलेलं असतं, ओठ फाटलेले, अंगाला तो तपकिरी रंग फासलेला, भिंतीला पाठ लागली तर भिंत रंगते म्हणून पोरं बसतसुद्धा नाहीत. स्टेजवर जायच्या आधी तोंडात गुळाचा खडा किंवा मध, हातात रबरी पट्टा घेऊन शीर फुगवायची, आणि मग त्या कोरड्या अंगानं हसऱ्या चेहऱ्याने पोझ धरून ठेवायची. मी मागे उभा असताना एका पोराच्या मांडीत असा गोळा आला की दोघांनी धरून उतरवलं. कुठल्या गोल्फरला उतरवावं लागतं?

निशा_अलकापुरी
गोल्फवर इतक्या सहज बोलता येतं कारण कुणी खेळलेलं नसतं. माझी लेक खेळते म्हणून सांगते. गाडी हौशी लोकांसाठी आणि वयस्करांसाठी असते, मोठ्या स्पर्धांमध्ये चालतच जायचं. १८ होल म्हणजे चढउतार धरून सहज सहा-सात किलोमीटर, चार साडेचार तास, आणि ते आपल्या एप्रिलच्या उन्हात. बॅगेत १४ पर्यंत स्टिक्स नेता येतात, ज्युनियर मुलं बऱ्याचदा ती बॅग स्वतःच ओढतात. राजवाड्याच्या आवारातला कोर्स बघून लोकांना वाटतं हिरवळीवर मोर बघत फिरायचं, बस्स. चार तासांनंतर हाताला घाम आलेला असताना चार फुटांचा पट, म्हणजे बॉल हलकेच होलमध्ये ढकलायचा फटका, घालून बघा एकदा. होलच्या काठाला बॉल फिरून बाहेर आला की पोरीचा चेहरा बघवत नाही. आणि टोकियोला अदिती अशोक चौथी आली तेव्हा अख्खा देश शनिवारी सकाळी उठून गोल्फचे नियम शोधत होता, एका फटक्यानं ब्राँझ हुकलं, तेव्हा नाही कुणी म्हणालं की हा खेळ नाही!

मोतीबाग_एंड
दोन्ही नाहीत. खेळ म्हणजे समोर कुणीतरी तुम्हाला हरवायला उभं पाहिजे. बोलर पाहिजे. विजय हजारे आणि गुल महंमद यांनी १९४७ साली होळकरांविरुद्ध रणजी फायनलला याच गावात ५७७ ची भागीदारी केली, त्याला खेळ म्हणतात. डाव आणि ४०९ धावांनी जिंकलो होतो, पोह्यांच्या गावाला विचारा.

इंदूरकर_भिया
आम्हाला विचारताय तर सांगतो, त्याच्या आदल्याच वर्षी फायनलला होळकरांनी बडोद्याला हरवलं होतं. होळकर चार वेळा रणजी जिंकले आणि तेही आठ वर्षांत, नंतर टीमच राहिली नाही म्हणून वाचलात.

मोतीबाग_एंड
आमच्या पाच आहेत. २००१ वाली धरून. पुढे?

खंडेराव_मार्केट
अहो क्रिकेट कुठून आलं मध्ये?? गणपतीत आमचं मंडळ क्रीडा पुरस्कार देतं दरवर्षी, बडोद्यातल्या मराठी मुलांसाठी, हे मला वाटलं सगळ्यांना माहीत असेल. एका नावालाच मिळतो. खेळ आहे का नाही तेवढं सांगा.

स्टॅम्पपेपर
रोख किती? पैसे मंडळाचे की कुणी ठेव ठेवलीय? कारण ठेवीचे असतील तर देणगीदाराने काय लिहून ठेवलंय ते आधी बघावं लागेल, तुमचं-आमचं मत नंतर. आणि "खेळ कशाला म्हणायचं" हा प्रश्न कोर्टातसुद्धा गेलेला आहे. अमेरिकेत केसी मार्टिन म्हणून गोल्फर होता, त्याच्या पायाला रक्तपुरवठ्याचा आजार होता, त्याला चालवत नव्हतं. त्याने गाडी मागितली तर स्पर्धा भरवणारी संस्था पीजीए टूर म्हणाली चालणं हा खेळाचा भाग आहे. २००१ साली सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने त्याच्या बाजूने निकाल दिला, गाडीत बसला म्हणून खेळाचा गाभा बदलत नाही म्हणाले. विरोधातल्या न्यायमूर्ती स्कालियांनी तर बहुमताची टिंगलच केली, की खेळाचे सगळे नियम मुळात माणसाने मनाने ठरवलेले, त्यात गाभा कुठला हे कोर्टाने कशाला ठरवावं. तेव्हा तुमचे चेअरमन आणि तुम्ही एका रात्रीत ते ठरवाल असं वाटत नाही.

सेवउसळ_विथ_तर्री
बॉडीबिल्डिंगचा विषय निघालाच आहे तर, व्हे प्रोटीन घेतल्यावर पोट गच्च होतं, काय करावं? दुधात घेतो.

जोर_बैठका
पाण्यात घ्या.

चुलतकाका
मला एक कळत नाही, जिथे मार्क माणसं देतात तो खेळ कसा काय. धावण्यात घड्याळ आहे, लांब उडीला टेप आहे. बॉडीबिल्डिंगला सात जण टेबलामागे बसून ठरवणार याची पाठ छान का त्याची. मग केळवणाचा फोटोही खेळच.

जोर_बैठका
काका मग जिम्नॅस्टिक्स, डायव्हिंग, मल्लखांब सगळं काढून टाका. तिथेही टेबलामागे माणसंच बसतात. आधी वजनी गट पडतात, मग ओळीत उभं करून चारी बाजूंनी वळवतात, मग ठरलेल्या पोझेस, डबल बायसेप, साइड चेस्ट, पाठ पसरून दाखवायची, पोट-मांडी. सगळ्यांना त्याच पोझेस त्याच क्रमाने. २००२ ला बुसान आणि २००६ ला दोहा, दोन एशियन गेम्समध्ये बॉडीबिल्डिंग होतं. बॉडीबिल्डर प्रेमचंद डेगरांना पद्मश्री मिळाली, भास्करनला २०१९ मध्ये अर्जुन. हा खेळ नसता तर अर्जुन कशाबद्दल दिला, दाढीबद्दल?

चुलतकाका
होतं ना, मग पुढच्या एशियन गेम्समधून काढलं का? आणि वेटलिफ्टिंगवाला वजन स्टेजवर उचलतो, तुमचा माणूस घरी उचलून येतो आणि इथे नुसतं दाखवतो. परीक्षेचा अभ्यास दाखवून पास होण्यासारखं झालं हे.

निशा_अलकापुरी
चुलतकाका हे मात्र बरोबर बोललात. शिवाय त्या क्षेत्रात डोपिंगची किती प्रकरणं निघतात ते पेपरात येतंच.

जोर_बैठका
ताई डोपिंग सगळ्या खेळांत निघतं, धावपटू पकडले जातात म्हणून धावणं खेळातून काढत नाहीत. प्रमाण जास्त आहे ते मान्य, त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे, आमच्यासारखे दूध-अंडी-चण्यावर राहणारे मागे पडतात. पण श्रीमंतांचा खेळ म्हणजे शुद्ध आणि गरिबाचा म्हणजे इंजेक्शन हे नका बोलू. तुमच्या लेकीच्या एका स्टिकच्या किमतीत आमच्या पोराची वर्षाची फी निघते.

निशा_अलकापुरी
श्रीमंत कोण? शेअर मार्केट बघितलंय का यंदा? सेकंडहँड सेट आहे तिचा. आणि या देशात कित्येक चांगले गोल्फर कॅडी म्हणून दुसऱ्यांच्या बॅगा उचलता उचलता शिकलेत.

इंदूरकर_भिया
मिल्खासिंगांचा मुलगा जीव मिल्खा गोल्फर आहे. बाप ४०० मीटर पळाला, मुलाने गोल्फ निवडला, बापाने काही त्याला घराबाहेर काढलं नाही. यातून काय घ्यायचं ते घ्या.

मोतीबाग_एंड
कपिल देवही रिटायर झाल्यावर गोल्फच खेळतो. रिटायर झाल्यावर जो खेळता येतो तो खेळ कसला.

खंडेराव_मार्केट
लोकहो, मी वाचतोय पण उत्तर सापडत नाहीये. सरकारी काही यादीबिदी आहे का? चेअरमनच्या तोंडावर मारता येईल असं काहीतरी द्या.

स्टॅम्पपेपर
आहे. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडू कोटा असतो, त्याची खेळांची यादी आहे. आधी ४३ खेळ होते, २०२० मध्ये ६३ केले, मल्लखांब तेव्हाच आला. गोल्फ जुन्या यादीपासून आहे. आणि गंमत म्हणजे बॉडीबिल्डिंगही जुन्या यादीत होतं, पण जिम्नॅस्टिक्सच्या पोटात घालून. त्यामुळे सरकारदरबारी दोन्ही खेळ आहेत, विषय संपला. पण लगेच उड्या मारू नका. त्याच कोट्यात नुसता खेळ यादीत असून भागत नाही, माणसाने राज्याकडून, देशाकडून किंवा विद्यापीठाकडून भाग घेतलेला लागतो आणि त्या-त्या संस्थेचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. म्हणून तिसऱ्यांदा विचारतो, तुमच्या पुरस्काराचा नियम काय आहे? कागद आहे की नाही?

खंडेराव_मार्केट
कागद आहे हो. एका जुन्या सभासदांनी ठेव ठेवलेली, व्याजातून अकरा हजार देतो. त्यात लिहिलंय "जिल्हा, राज्य अथवा देशाचे प्रतिनिधित्व केलेल्या मराठी मुलास किंवा मुलीस". खेळाची व्याख्या वगैरे काही नाही म्हणूनच तर इथे विचारलं.

स्टॅम्पपेपर
मग आठ तास आम्ही काय कुटत बसलो होतो!! प्रश्न खेळ आहे का हा नाहीच, प्रतिनिधित्व कुणी केलंय हा आहे. दोघांचे दाखले काय म्हणतात ते लिहा.

खंडेराव_मार्केट
मुलगी गुजरातकडून ज्युनियर खेळलीय म्हणे, इंडियन गोल्फ युनियनच्या स्पर्धेत. मुलाचं सर्टिफिकेट "ऑल गुजरात" असं आहे, पहिला आलाय गटात, ट्रॉफी तीन फुटी आहे.

जोर_बैठका
ऑल गुजरात भरवली कुणी पण? असोसिएशनने की एखाद्या जिमवाल्याने? सर्टिफिकेटवर खाली कुणाचे लोगो आहेत ते बघा.

खंडेराव_मार्केट
एका बाजूला जिमचा आणि एका बाजूला सप्लिमेंटच्या दुकानाचा.

जोर_बैठका
मग झालं. भाऊ मी तुमच्या बाजूचा आहे तरी सांगतो, हा ओपन शो आहे. फी भरली की कुणीही उतरतं. यात तो राज्याकडून नाही, स्वतःकडून उतरला. आमच्या क्षेत्रातलं हेच दुखणं आहे, दर गल्लीत एक फेडरेशन, प्रत्येकाचा मिस्टर गुजरात वेगळा.

चुलतकाका
आणि एक विचारू का खंडेरावभाऊ, ट्रॉफी तीन फुटी आहे हे तुम्हाला कसं माहीत? अर्जासोबत ट्रॉफी जोडत नाहीत.

खंडेराव_मार्केट
भाचा आहे माझा. सख्ख्या बहिणीचा. त्याने काय फरक पडतो? चेअरमनची नात गोल्फ खेळते ते चालतं का मग?

निशा_अलकापुरी
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं ना! दोघांनीही मीटिंगमध्ये त्या विषयापुरतं बाहेर बसायला हवं.

चुलतकाका
बाहेर बसवा दोघांना आणि चहा द्या. आमच्या पोळात (गल्लीत) अशाच एका बक्षिसावरून दोन भाऊ सहा वर्षं बोलत नव्हते.

सेवउसळ_विथ_तर्री
पाण्यात घेतलं तर चव फार घाण लागते. केळं घालून चालेल का?

खंडेराव_मार्केट
अपडेट. मीटिंग झाली. चेअरमन आणि मी दोघंही बाहेर ओट्यावर बसलो, आतल्या पाच जणांनी ठरवलं. यादीचा प्रिंट मी दिला होता, त्यामुळे दोन्ही खेळ आहेत हे मिनिट्समध्ये लिहून घेतलंय, यापुढे त्यावर वाद नाही. पुरस्कार खो-खोवालीला दिला.

स्टॅम्पपेपर
खो-खोवाली कोण???

खंडेराव_मार्केट
तिसरा अर्ज होता ना. नॅशनलला गुजरातकडून दोनदा खेळलीय, तिच्यावर वाद नव्हता म्हणून इथे लिहिलं नाही.

मोतीबाग_एंड
खो-खोला समोर पळणारा असतो. बरोबर निर्णय.

जोर_बैठका
भाच्याला सांगा पुढच्या वेळी फी भरायच्या आधी विचारायचं, यातून राज्याच्या टीमचं सिलेक्शन होणार आहे का, आणि सिलेक्शनचं पत्र कोण देणार. पत्र मिळणार नसेल तर हौस म्हणून उतर, पण तो कागद कुठे चालेल ही आशा ठेवू नको. वय किती आहे त्याचं? कॉलेजात असेल तर विद्यापीठाच्या टीमची ट्रायल केव्हा आहे ते स्पोर्ट्स टीचरला विचारायला सांगा, पॉवरलिफ्टिंगचीसुद्धा विचारा. स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट तो एरवीही मारतच असेल.

खंडेराव_मार्केट
एस.वाय.ला आहे. डेडलिफ्ट १८० मारतो. उद्याच पाठवतो त्याला.