मदत हवी आहे: कुपवाड एमआयडीसीतून मिथेनॉलचे दोन ड्रम चोरीला गेले, आता नेमकं काय करायचं?

स्टोअरवाला_कुपवाड

नमस्कार मंडळी. एका छोट्या युनिटच्या स्टोअरचा मागचा पत्रा काढून काल रात्री मिथेनॉलचे (कारखान्यात वापरायचं विषारी अल्कोहोल) २०० लिटरचे दोन भरलेले ड्रम नेलेत. तिसरा अर्धा भरलेला ड्रम जागेवर आहे, पण त्याच्या बुचाचं सील तुटलंय. मालक म्हणतात, आधी दोन दिवस आपणच शोधू, तक्रार केली की परवान्याचं लचांड मागे लागेल. इकडे बातमी फुटलीय. शेजारच्या सावळी, बामणोली गावांकडून फोन येतायत. कुणी म्हणतं गॅस पसरणार, कुणी म्हणतं विहिरीत टाकतील.

तक्रारीत काय लिहायचं? लोकांना काय सांगायचं? आणि तिसऱ्या ड्रममधून किती गेलं हे कसं काढायचं?

बॉयलरसूट

मालकांना सांगा, दोन दिवस थांबणं हाच यातला सगळ्यात मोठा धोका. मिथेनॉल दिसायला, वासाला दारूच्या स्पिरिटसारखंच असतं. ते चोरणारा बहुतेक वेळा स्पिरिट म्हणूनच विकतो. जुलै २०२२ मध्ये गुजरातेत बोटाद भागात विषारी दारूने चाळीसच्या वर माणसं मेली. त्या दारूतलं मिथेनॉल अहमदाबादच्या एका गोदामातून तिथल्याच कामगाराने चोरलेलं सुमारे ६०० लिटर होतं. तुमच्याकडचे दोन ड्रम म्हणजे ४०० लिटर, हिशोब करा. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभरावर माणसं गेली, तीही मिथेनॉलनेच.

परवान्याचं म्हणाल तर चोरी कळवली म्हणून जेवढा त्रास होईल, त्याच्या कितीतरी पट त्रास चोरी लपवली आणि नंतर कुठे विषबाधा झाली तर होईल. मग साठ्यातली तूट तुमच्याच रजिस्टरवर उभी राहते.

कलम_१७३

तक्रार आजच द्या. «केमिकलची चोरी» एवढंच लिहू नका. तसं लिहिलं की ठाण्यात ती भंगारचोरीच्या गठ्ठ्यात जाते. पहिल्याच ओळीत लिहा: «मिथेनॉल, विषारी व अत्यंत ज्वलनशील, पोटात गेल्यास अंधत्व व मृत्यू». त्याखाली ड्रमची संख्या, प्रत्येकातले लिटर आणि किलो, पुरवठादाराचा बॅच नंबर, ड्रमचा रंग, लेबलवरचा यूएन १२३० (मिथेनॉलचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), शेवटचा साठा कुणी कधी मोजला ती वेळ. सोबत चलन, स्टॉक रजिस्टरच्या पानाची प्रत आणि लेबलचा फोटो.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी खबर घ्यावीच लागते. ऑनलाइन दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. घेतच नसतील तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा.

त्याच मजकुराच्या प्रती आणखी तिघांना: परवान्यावर ज्या अधिकाऱ्याची सही आहे तो, राज्य उत्पादन शुल्क विभाग आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. चौथी जिल्हाधिकारी कार्यालयाला दिलीत तर उत्तम, कारण रासायनिक अपघातांसाठीच्या जिल्हा संकट गटाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. सगळीकडे पोच घ्या.

अजून एक. भरलेला ड्रम पावणेदोनशे किलोच्या आसपास जातो. दोन ड्रम म्हणजे छोटा हत्ती किंवा तसंच काहीतरी आलेलं असणार. शेजारच्या युनिटांच्या आणि रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठराविक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. ते आजच राखून ठेवायला सांगा.

सावळीकर

गावात सगळे गॅसचंच बोलतायत. भोपाळसारखं काही होऊ शकतं का?

बॉयलरसूट

नाही. मिथेनॉल द्रव आहे, ६४.७ अंशांना उकळतं. बंद ड्रममधून गावभर ढग पसरत नाही. विहिरीचं म्हणाल तर ते पाण्यात पूर्ण मिसळतं आणि जिवाणू ते पुढे खाऊन टाकतात. विहिरीशेजारी ड्रम सापडलाच तर पाणी थांबवून कळवायचं, एवढंच. नाहीतर पाण्याची धास्ती नको.

खरी भीती दोनच, घशाखाली जाणं आणि आग. ११-१२ अंशांनाच त्याची वाफ पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने. ज्योत फिकट निळी असते, उन्हात दिसतही नाही. त्यामुळे «काडी लावून बघ, निळा जळला की चांगली दारू» हा जो गावठी शहाणपणा आहे तो सोडा. जळण्यावरून मिथेनॉल ओळखता येत नाही. हात मात्र भाजतो.

भंगार_नको

रिकाम्या ड्रमचं कुणी बोललं नाही. चोर माल काढून ड्रम भंगारात घालतो. हवेत मिथेनॉलची वाफ ६ ते ३६ टक्क्यांच्या मधे असली की ठिणगीवर स्फोट होतो, आणि «रिकाम्या» ड्रममध्ये तळाला राहिलेला पेलाभर माल तेवढी वाफ सहज धरतो. गॅस कटर लावला की झाकण उडतं आणि समोरचा माणूस जातो. तेव्हा ड्रमचं वर्णन मिरज, कुपवाडच्या भंगारवाल्यांपर्यंत पोचवा. गावात असा ड्रम पाण्यासाठी कुणी विकत असेल तर घेऊ नका, नुसता विसळून तो पाण्याचा होत नाही.

बेवारस ड्रम दिसला तर हलवायचा नाही, बुच उघडून हुंगायचं नाही. गळत असेल तर ५० मीटर लांब थांबून ११२ ला फोन, विडी-मोबाइल सगळं लांब. आग विझवायला साधा फोम टिकत नाही, मिथेनॉल तो फोडून टाकतं. अल्कोहोलला टिकणारा फोम लागतो, हे अग्निशमनला फोनवरच सांगा.

डॉक्टर_मिरज

लोकांना सांगायचं ते इथून उचला. तहसील, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीमार्फत गेलं तर बरं.

मिथेनॉल प्यायल्यावर आधी साधी झिंग येते, माणूस झोपतो, सकाळी ठीक वाटतो. याच टप्प्यात घरचे फसतात. शरीरात त्याचं फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होतं, त्याला वेळ लागतो. १२ ते २४ तासांनी पोटदुखी, उलट्या, धाप, डोळ्यांसमोर पांढरं धुकं. त्याच वेळी दारूही प्यायली असेल तर लक्षणं आणखी उशिरा येतात. १० मिलीसुद्धा डोळे घालवू शकतं, ३० मिलीच्या आसपास मृत्यू झालेले आहेत.

संशय आला की लक्षणांची वाट न बघता १०८. डायलिसिसची सोय असलेलं रुग्णालय गाठा, मिरज-सांगलीत ती आहे. दारात पोचल्या पोचल्या «मिथेनॉलचा संशय» हे शब्द वापरा, «दारू जास्त झाली» म्हटलंत तर सलाइन लावून झोपवतील. उरलेली बाटली सोबत न्या. उलटी करवू नका. विषावर उतारा म्हणून इथेनॉल (साध्या दारूतलं अल्कोहोल) वापरतात हे खरं, पण ते रक्ततपासणीवर नजर ठेवून द्यायचं औषध आहे, घरी दारू पाजायची नाही. एकत्र बसलेल्या सगळ्यांना आणा, ज्याला काही होत नाहीये त्यालाही.

स्टोअरवाला_कुपवाड

आभार. मालक तयार झाले, तक्रार दिली, पोच आहे. कुपवाडचं नाव फेब्रुवारी २०२४ मध्ये मेफेड्रोन या अमली पदार्थाच्या साठ्यामुळे गाजलं होतं, त्यामुळे ठाण्यात तोही प्रश्न आला. आता तिसरा ड्रम. चलन किलोत, रजिस्टर लिटरमध्ये, आकडेच जुळत नाहीत.

डिपस्टिक

मेफेड्रोनवर आपण तर्क करायचा नाही, विचारतील ती कागदपत्रं द्यायची.

आकडे न जुळण्याचं अर्धं कारण तुम्हीच लिहिलंय. २० अंशांना मिथेनॉलची घनता लिटरला ०.७९२ किलो, म्हणजे १६० किलोचे साधारण २०२ लिटर होतात. रजिस्टर आजपासून किलोत ठेवा. लिटरमध्ये आणखी एक गोची आहे. तापमान १५ अंशांनी चढलं तर २०० लिटर माल साडेतीन लिटरने फुगतो. एप्रिलच्या दुपारी मोजलेला आणि जानेवारीच्या पहाटे मोजलेला साठा जुळणारच नाही, आणि त्यापायी बिचाऱ्या वॉचमनवर आळ येतो.

तिसरा ड्रम आधी पोलिसांना पाहू द्या, सीलचे फोटो निघू द्या. मग शक्य असेल तर काट्यावर चढवा, ड्रमचं स्वतःचं वजन वजा करा, तोच खरा आकडा. काटा नसेल तर ड्रम सपाट जागी उभा करून अर्थिंगची क्लिप लावा आणि ठिणगी न पडणाऱ्या पितळी पट्टीने खोली मोजा. उभ्या ड्रममध्ये १ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ अडीच लिटर.

पातळी जुळली तरी थांबू नका. थोडं काढून तेवढंच पाणी घालणं ही जुनी युक्ती आहे. नमुना २० अंशांवर आणून हायड्रोमीटर (घनता दाखवणारी तरंगती नळी) सोडा. ०.७९ च्या जवळ असेल तर ठीक, ०.८२ दाखवलं तर वजनाने दहाएक टक्के पाणी आहे. तसं निघालं तर ड्रम वापरू नका, बाजूला सील करून ठेवा आणि तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा, कारण मग चोरी कालच्या रात्रीची नाही, आधीपासून चालू होती. अशा वेळी मागच्या सगळ्या इश्यू स्लिपा (स्टोअरमधून माल दिल्याच्या चिठ्ठ्या) उत्पादनाच्या बॅचशी ताडून बघाव्या लागतात.

पुढच्या मालाला बुचावर नंबरी सील लावा आणि तो नंबर चलनावर चढवा. पत्र्याचे बोल्ट आतल्या बाजूने वेल्ड करून घ्या, पण त्याआधी स्टोअर पूर्ण रिकामं करून दिवसभर वारा खेळू द्या, नाहीतर वेल्डिंगचीच ठिणगी पडायची.