‘तमस’: कादंबरीतला नत्थू आणि मालिकेतला नत्थू

प्रश्न
भीष्म साहनी यांची फाळणीच्या वेळच्या दंगलींवरची हिंदी कादंबरी ‘तमस’ (१९७४) वाचून झाल्यावर गोविंद निहलानी यांची १९८८ साली दूरदर्शनवर दाखवलेली मालिका पाहिली. कोंदट खोलीत, मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात कातडी कमावणारा नत्थू डुकराशी झटतो, तो आरंभीचा प्रसंग पुस्तकातून जसाच्या तसा उतरला आहे. शेवट मात्र बदलला आहे. हे मूळ कृतीशी इमान राखणे म्हणावे का?

उत्तर १
मला तो बदल खटकतो. डुक्कर मारण्याचे काम देणारा मुरादअली कादंबरीच्या शेवटी अमन कमिटीच्या बसमध्ये बसून शांततेच्या घोषणा देतो, आणि त्याला ओळखू शकला असता तो नत्थू मरण पावला आहे, हे आपल्याला जाता जाता एका वाक्यात समजते. ज्याने मारलेले डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडले आणि दंगल पेटली, त्याच्या मरणाची कुणी दखलही घेत नाही. कादंबरीची सारी दाहकता मला त्या वाक्यात वाटते. मालिकेत नत्थूच्या गरोदर बायकोला त्याचे प्रेत दिसते, ती बाळंत होते आणि बाहेर दोन्हीकडच्या घोषणा चालू असताना बाळाचे रडणे ऐकू येते. प्रसंग हेलावून टाकतो, पण साहनींनी नाकारलेला दिलासा तो प्रेक्षकाच्या पदरात टाकतो.

उत्तर २
मी सहमत नाही. कादंबरीला एक नायक नाही. शहर आणि आसपासची गावे हाच तिचा विषय आहे. भागाभागांनी पाहणाऱ्या प्रेक्षकाला धरून ठेवायला एक कुटुंब लागते, म्हणून निहलानींनी नत्थूचे घर पुढे आणले. साहनी स्वतः मालिकेत हरनामसिंग या वृद्ध शीख दुकानदाराच्या भूमिकेत आहेत, हेही विसरू नये. १९७० च्या दंगलीनंतर त्यांनी भिवंडी पाहिली, तिथे त्यांना १९४७ चे रावळपिंडी आठवले आणि त्यातून ही कादंबरी आली. म्हणजे मूळ लेखनातच एका काळाची जखम दुसऱ्या काळात वाहत होती. हल्लेखोरांच्या हाती पडण्यापेक्षा जीव द्यायला विहिरीकडे रांगेने निघालेल्या शीख स्त्रिया आणि सर्वांच्या पुढे जसबीर झालेल्या उत्तरा बावकर यांचा तो शांत चेहरा पाहा. तिथे मालिका पुस्तकाच्या तसूभरही मागे नाही.

उत्तर १
विहिरीचा प्रसंग मान्य, तिथे माझी तक्रार नाही. पण घोषणा देणारा मुरादअली आणि त्याला ओळखणारे कुणीच नाही, ही जोडी मोडायला नको होती.