मदत हवी आहे: सिम्युलेटरमधलं विमान दीडपट केलं, आता आवरत नाही

हँगर७
रिमोटच्या विमानांच्या सिम्युलेटरमध्ये ट्रेनर (शिकाऊंसाठीचं) मॉडेल दीडपट केलं. फाइलमधले स्पॅन (पंखांची लांबी), कॉर्ड (पंखाची रुंदी), एरिया बदलले. आता थ्रॉटल पूर्ण बंद केला तरी उतरायचं नाव घेत नाही, अख्खी धावपट्टी तरंगत ओलांडतं. एलेरॉनच्या (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखावरच्या फळ्या) स्टिकला जरा बोट लागलं की गर्रकन उलटं. कुठला आकडा चुकतोय? दोन दिवस यातच गेलेत, लवकर सांगा.

ट्रिमटॅब
कुठला सिम्युलेटर? आधी किती आकडे होते, आता किती आहेत? आणि वजन?

एक्स्पो३०
ट्रान्समीटर कॅलिब्रेट करा. स्टिक मधोमध असताना चॅनेल शून्यावर येतो का पाहा. एलेरॉनला ३० टक्के एक्स्पो (स्टिकचा मध्य मऊ करणारं सेटिंग), लो रेट (फळीची कमी केलेली हालचाल) ६० टक्के. उलटणं थांबेल.

हँगर७
कॅलिब्रेशन ठीक आहे, मूळ विमान त्याच ट्रान्समीटरवर सरळ उडतं. सीआरआरसीसिम आहे. स्पॅन १ मीटरचा १.५, कॉर्ड ०.१८ चा ०.२७, एरिया ०.१८ चा ०.२७. वजन ६०० ग्रॅम, त्याला हात लावला नाही.

ट्रिमटॅब
इथेच दोन चुका आहेत. एरिया दीडपट नाही, दीडचा वर्ग म्हणजे २.२५ पट होतो. १.५ गुणिले ०.२७ करून बघा, ०.४०५ येईल. वजन घनाने वाढतं, ३.३७५ पट, म्हणजे २.०२५ किलो. मूळ विंग लोडिंग (वजन भागिले पंखाचा एरिया) ३३ ग्रॅम प्रति चौरस डेसिमीटर होतं, तुमच्या फाइलमध्ये ते २२ वर आलंय. तरंगणार नाही तर काय! योग्य आकडा ५० आहे.

उलटण्याचं कारण इनर्शिया, म्हणजे फिरवायला होणारा विरोध. फाइलमधले आयएक्सएक्स (रोल, म्हणजे डावी-उजवीकडे कलणं), आयवायवाय, आयझेडझेड हे तीन अक्षांचे इनर्शियाचे आकडे पाचव्या घाताने वाढतात: दीडपटीला ७.६ पट. रोल ०.०२ असेल तर ०.१५२ करा. पंखाचा जोर वाढला आणि इनर्शिया जुनीच राहिली, म्हणून ते भिरभिरतं. एक्स्पोने स्टिकचा मध्य मऊ होईल, विमान जड होणार नाही.

लिफ्ट, ड्रॅग, मोमेंटचे गुणांक मात्र तसेच ठेवा, त्यांना एकक नसतं. सीजी आर्म (गुरुत्वमध्याची जागा) हेही गुणोत्तर आहे, त्यालाही हात लावू नका. एरियाच्या ओळीतच संदर्भ वेग दिलेला असतो, तो दीडच्या वर्गमुळाने म्हणजे १.२२ पट करा.

बाल्साकाप
घनाचा नियम आंधळेपणाने लावू नका. सांगाड्याचं मॉडेल दीडपट बांधलं तर वजन ३.३७५ पट कधीच होत नाही. रिसीव्हर तोच, सर्वो (फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) फार तर एक साइज मोठे, आणि मोठ्या फ्रेममध्ये हलकं करायला जागा जास्त. खरं वजन तोलून टाकावं.

घनमान
मग ते दुसरं विमान झालं. मोठं विमान मूळ विमानासारखंच, फक्त संथ उडायला हवं असेल तर घनच लागतो. क्यूब लोडिंग (वजन भागिले एरियाचा दीड घात) सारखं राहिलं की वेगवेगळ्या मापांची विमानं हाताला सारखी लागतात.

बाल्साकाप
हाताला सारखी लागायला तसं विमान बांधता तरी आलं पाहिजे. प्लॅन १५० टक्क्यांवर छापला की १.५ मिमी प्लायची रिब (पंखाची आडवी फासळी) २.२५ मिमी होते. ती जाडी तयार मिळत नाही, सगळे २ मिमीची घेतात. खाचा मात्र २.२५ च्याच कापल्या जातात आणि सांधे सैल बसतात. आधी खाचा दुरुस्त करा, मग कापायला घ्या.

ट्रिमटॅब
प्लायच्या खाचांबद्दल कोणी विचारलेलं नाही. हँगर७, हे मोठं मॉडेल प्रत्यक्ष बांधणार आहात की फक्त स्क्रीनवर नीट दिसावं म्हणून मोठं केलंय? दुसरं असेल तर फिजिक्सला हातच लावू नका, झूम वाढवा.

हँगर७
बांधणार आहे, त्याआधी सराव हवाय. ते सांगायचं राहिलं. सगळं सामान धरून अंदाज १७०० ग्रॅम येतोय. तुमचे आकडे टाकले, हवेत आता स्थिर आहे. पण धावपट्टीवर ठेवलं की पोट जमिनीत रुततं, प्रॉपेलर घासतो.

ट्रिमटॅब
बांधणार असाल तर बाल्साकाप यांचं बरोबर, वजन १.७ किलो टाका. इनर्शियाला मग पाचवा घात नको: वजनाचं गुणोत्तर २.८३ गुणिले २.२५, म्हणजे ६.४ पट. ०.०२ चे ०.१२८. लोडिंग ४२ होईल. कमाल लिफ्ट गुणांक १.२ धरला तर स्टॉल (ज्याखाली पंख विमान पेलत नाही तो वेग) ६.७ वरून ७.५ मीटर प्रति सेकंदावर जाईल, उतरताना तेवढा वेग जास्त ठेवा.

पोट रुतण्याचं कारण फाइलमधले चाकांचे बिंदू, म्हणजे जमिनीला टेकण्याच्या जागा. त्यांचे एक्स, वाय, झेड दीडपट करा. पंखांची टोकं आणि शेपटीचे बिंदू असतील तर तेही. घनाच्या वजनाला चाकांची स्प्रिंग २.२५ पट, डॅम्पिंग (उसळी शमवणारा आकडा) २.७५ पट; १.७ किलोला दोन्ही थोडे कमी चालतील. स्प्रिंग जुनीच ठेवून वजन टाकलं की ती तेवढ्याच पटीने जास्त दबते. नुसती स्प्रिंग वाढवली तर विमान चेंडूसारखं उसळेल, डॅम्पिंग सोबतच हवं. थ्रीडी फाइल वेगळी असते, ती मूळबिंदू न हलवता मोठी करा, नाहीतर चाकं हवेत दिसतात.

एक्स्पो३०
मोठ्या मॉडेलला ४० टक्के एक्स्पोही चालतो.

घनमान
प्रॉपेलर कोणीच विचारला नाही. ८ बाय ४ (इंचांत व्यास आणि पिच, म्हणजे एका फेरीत पुढे सरकण्याचं अंतर) असेल तर १२ बाय ६ घ्या. आरपीएम १०,००० ऐवजी सुमारे ८,२००, पॉवर मात्र ४.१ पट: १०० वॉटची मोटर असेल तर ४१० च्या आसपास लागेल. हे घनाच्या वजनासाठी. १७०० ग्रॅमला थोडं कमी चालेल. मोटर जुनीच ठेवून फक्त व्यास बदलला तर मोटर दबते, आरपीएम पडतो आणि चढाईच होत नाही.

हँगर७
तेच होत होतं! मोटर जुनीच होती. बिंदू बदलले, आता चाकांवर नीट उभं राहतं. मोटरचे आकडे बदलून बघतो. बाल्साकाप, प्लॅनच्या खाचा मोजल्या, २.२५ च आहेत.

बाल्साकाप
२ मिमीची एक रिब कापून स्पारवर (पंखाच्या लांबीच्या मुख्य पट्टीवर) बसवून बघा. हलली तर प्लॅनवरच खाच २ ची करून पुन्हा छापा, गोंदाने फट भरू नका.