कार्बन डायऑक्साइड जमिनीत सोडणं म्हणजे सोड्याची बाटली?

खडकवेडी: कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड हवेत जाऊ नये म्हणून जमिनीखाली पुरतात, त्याबद्दल काल एक पोस्ट वाचली, "जमिनीखाली वायू कोंडणं म्हणजे सोड्याच्या बाटलीला बूच, एक दिवस उडणारच." राहवलं नाही म्हणून लिहितेय. ८०० मीटरच्या खाली दाबाने हा वायू जवळपास द्रवासारखा दाट होतो. वालुकाश्माच्या छिद्रांत आधीच खारं पाणी असतं. वायू त्याहून हलका, म्हणून वर सरकतो आणि शेलच्या, म्हणजे चिखलापासून बनलेल्या घट्ट खडकाच्या, थराखाली अडतो. पण पाण्याला भिडतो तिथे विरघळतो, ते पाणी जड होऊन धारांनी खाली उतरतं आणि ताजं पाणी त्याच्या जागी येतं. जे बुडतंय ते उडेल कसं? नॉर्वेच्या स्लाइप्नर या समुद्रातल्या वायुक्षेत्रात हे १९९६ पासून चालू आहे.

माहुलकर: विरघळायला शेकडो-हजारो वर्षं लागतात, ते का गाळलंत? तोवर सगळी भिस्त शेलच्या झाकणावर. १९८६ ला कॅमेरूनच्या न्योस तळ्यातून हाच वायू सुटला, १,७०० च्या आसपास माणसं गेली. मी मुंबईतल्या माहुलला, रिफायनरीच्या शेजारी वाढलो. खिडक्या लावून झोपलो तरी पहाटे उशीला वास. वायू पुरायची सोय मिळाली की रिफायनरीच्या चिमण्या कोण बंद करणार?

खडकवेडी: न्योस उघडं तळं होतं हो! त्याच्यावर किलोमीटरभर खडक नव्हता.

मुलुंडचा बाबा: नॉर्वे राहू द्या. आपल्या काळ्या पाषाणात छिद्रं कुठली? सोसायटीत ३५० फूट बोअर मारली, नुसती राखाडी भुकटी. पैसे पाण्यात, आणि पाणी टँकरचं.

गिरगावची सुमन: पाणाड्याला दाखवलं होतंत का? आमच्या शेजारी ९० फुटांवर लागलं.

मुलुंडचा बाबा: पाणाडीच आणला होता, नारळ घेऊन! त्यानेच ती जागा दाखवली. उगाच शिकवू नका.

सुमन: चिडता कशाला? विचारलं फक्त.

खडकवेडी: बाबा, तुमची बोअर अखंड पाषाणात गेली. पाणी असतं फटींत आणि लाव्ह्याच्या थरांच्या सच्छिद्र माथ्यात. माळशेज घाटात असाच एक दगड उचलला होता. बुडबुड्याच्या पोकळीत नखाएवढा पांढरा कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलंच खनिज. घरी लिंबू पिळलं तर बारीक फेस आला. तो फेस म्हणजे दगडात कोंडलेला कार्बन डायऑक्साइडच.

माहुलकर: म्हणजे लिंबानेही सुटतो! विरघळलेला वायू पाणी आंबटच करतो ना?

खडकवेडी: करतो. पण बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, तो आंबटपणा मारतो आणि त्यातलं कॅल्शियम सुटून कार्बोनेट, म्हणजे त्या कॅल्साइटसारखा दगड बनतो. आइसलँडमध्ये २०१२ ला पाण्यात विरघळवून सोडलेल्या वायूचा ९५ टक्क्यांहून जास्त भाग दोन वर्षांच्या आत दगड झाला.

माहुलकर: आणि टनभर वायू विरघळवायला साधारण २५ टन पाणी लागतं, तेही सांगा.

मुलुंडचा बाबा: २५ टन? इथे टँकरसाठी रांग लावतो आम्ही!

खडकवेडी: समुद्राचं पाणी वापरायचे प्रयोगही तिकडे झालेत. आपल्या दारात समुद्रच आहे.

माहुलकर: बरं, विरघळतो आणि दगड होतो, मान्य. सिमेंटच्या भट्ट्यांसाठी करा, चुनखडी भाजली की वायू निघणारच. रिफायनरीला ही सवलत द्यायला माझा विरोध आहे आणि राहील.

खडकवेडी: सिमेंटपासूनच सुरुवात करू. पण तुमच्या चिमणीतून आज निघतोय तो वायू हवेत जाऊ द्यायचा का, त्याचं उत्तर द्या.