मदत हवी आहे: डिझरायलीची कोणती कादंबरी आधी घेऊ?

मंडळी, बेंजामिन डिझरायली वाचायला घेतलाय. १८६८मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान झाल्यावर ‘तेलकट खांबाच्या टोकावर पोचलो एकदाचा’ अशा अर्थाचं बोलणारा हा गृहस्थ! स्वतःच्याच सत्तेची अशी खिल्ली उडवणारा पुढारी विरळाच. ‘सिबिल’ (१८४५) चाळली. श्रीमंत आणि गरीब म्हणजे एकाच देशातली दोन राष्ट्रं, हा मुद्दा जबरी, पण वर्णनं भारीच पाल्हाळिक. मला हवेत ते सत्ता, मोठेपणा, हांजीहांजी यांवरचे त्याचे तिरकस शेरे. त्यासाठी ‘कॉनिंग्सबी’ बरी की थेट ‘एंडिमियन’? शिवाय नेटवर बरीच वाक्यं त्याच्या नावावर खपवतात (‘खोटं, धादांत खोटं आणि आकडेवारी’ हे तर हमखास). मूळ संदर्भासकट छापलेला एखादा भरवशाचा संग्रह कुणाकडे आहे का? इंग्रजीही चालेल.