प्रतिसाद: आधी लॉनचा विचार सोडा

पाच हजारांत, कमी देखभालीची आणि पक्षी-फुलपाखरं येतील अशी बाग कशी करावी, असं तुम्ही विचारलंय आणि त्यावर कुणीतरी लॉन सुचवलंय. ते लॉन पहिलं रद्द करा. उन्हाळ्यात रोज पाणी मागतं आणि फुलपाखरांना त्याचा फारसा उपयोग नाही.

त्याऐवजी कढीपत्ता आणि कागदी लिंबू लावा. ब्लू मॉर्मन, म्हणजे २०१५ पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू, लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. अळी लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. ती कोवळी पानं फस्त करते, पण झाड पुन्हा फुटतं. फवारणी मात्र अजिबात नको, नाहीतर सगळाच खेळ खलास!

पानफुटी आणि जास्वंद शेजाऱ्यांकडून फुकट मिळतात. जास्वंदीची फांदी पावसाळ्यात खोचली की बहुधा जगतेच, पानफुटीचं तर पानही पुरतं. जास्वंदीवर शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारे चिमुकले पक्षी, येतील. वाळलेला पालापाचोळा जाळू नका, झाडाच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यात पसरा, पाणी कमी लागतं. पक्ष्यांसाठी उथळ मातीचं भांडं ठेवा, पण दर दोन दिवसांनी पाणी बदला, डास होतात. उरलेले पैसे एका चांगल्या कुदळीवर घाला.